विहाराची जागा आणि गावाचा नकाशा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत धम्माविषयी लेख असतात, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीविषयी असतात. ते असायलाच पाहिजेत. पण ज्या जागेवर आपण दर पौर्णिमेला त्रिसरण-पंचशील घेतो, जिथे आपली पोरं परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला बसतात, लग्न लावायला आणि दुःखात बसायला आपण जिथे जमतो, त्या जागेलाही इतिहास असतो. ती जागा कोणी दिली, कोणत्या कागदावर ती आहे, आणि उद्या ती कोणत्या कामासाठी राखली जाणार, हे प्रश्न सहसा आपण एकमेकांना विचारत नाही. आज ते विचारायची वेळ आली आहे. पारनेर आता खेडे राहिलेले नाही. गाव वाढते तेव्हा जागेची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की ज्याचा कागद पक्का त्याचीच जागा टिकते.

भगवंतांच्या काळापासूनची रीत

जागेची निवड हा विषय धम्मात नवा नाही. राजा बिंबिसाराच्या मनात संघाला वन दान द्यायचे आले तेव्हा त्याने आधी जागेचा विचार केला, असे विनयपिटकात आले आहे. गावापासून फार लांब नको, फार जवळही नको, लोकांना जाता-येता यावे, दिवसा गर्दी आणि रात्री गोंगाट नसावा. अशी जागा म्हणून त्याने राजगृहाचे वेळुवन दिले. श्रावस्तीला अनाथपिंडिकाने जेत राजकुमाराकडून वन घेतले तेव्हा जमिनीवर नाणी अंथरून किंमत मोजली, ही कथा तर आपण लहानपणापासून ऐकतो. दान असले तरी मोल ठरले, मालक ठरला, हद्द ठरली.

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात तर याचा दगडी पुरावाच आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. काळ साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. एका लेखात लिहिले आहे की लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या अन्नासाठी एक शेत ४००० कार्षापणांना विकत घेऊन दिले. शेत कोणाकडून घेतले, तर वाराहीचा पुत्र अश्विभूती या ब्राह्मणाकडून. ते त्याच्याकडे कसे आले, तर वडिलांकडून. कुठे आहे, तर नगराच्या हद्दीवर, वायव्येच्या बाजूला. आजच्या खरेदीखतात यापेक्षा वेगळे काय असते? त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात संघासाठी ठेवलेल्या ठेवींची हकिकत आहे. हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवले आणि फलकवारात, म्हणजे नोंदीच्या दफ्तरात, रीतीप्रमाणे नोंदवले, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

त्याच डोंगरातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे आदेश कोरलेले आहेत. भिक्षूंना आधी दिलेले शेत कसले जात नव्हते आणि ते गावही ओस पडले होते, म्हणून त्याच्या बदल्यात नगराच्या हद्दीजवळची १०० निवर्तने जमीन द्यावी, असा त्यातला एक आदेश आहे. म्हणजे दान दिले आणि विसरले असे झाले नाही. जमीन कामाची नाही हे राजापर्यंत गेले, बदली जमीन मिळाली आणि तीही लेखात आली. दोन हजार वर्षांनी आपण हे वाचू शकतो, कारण त्या लोकांनी दानाच्या बरोबरीने नोंदीलाही महत्त्व दिले.

गावकुसाबाहेरचा आराखडा

मधल्या काळात आपल्या वाट्याला दुसराच आराखडा आला. कागदावर नसला तरी तो गावोगाव सारखाच होता. वस्तीची ती पांढरी, शेताची ती काळी. पांढरीभोवती गावकूस, कुसाला वेस. वेशीच्या आत पाटलाचा वाडा, देऊळ, पेठ, बलुतेदारांची घरं. वेशीबाहेर महारवाडा, मांगवाडा. पाण्याचा उतार आणि वाऱ्याची दिशा बघून, गावावरून गेलेले पाणी आणि वारा मग वस्तीवर यावा अशी जागा पुष्कळ गावांत आपल्याला मिळाली. हल्ली नगररचनेची पुस्तके सांगतात की कोणत्या जमिनीवर कोणता वापर हे ठरवणे म्हणजे नियोजन. मग आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या ज्याचे चटके सोसले तेही नियोजनच होते, फक्त ते जातीने केलेले होते.

जमिनीचे नातेही तसेच. येसकराची पाळी, सरकारी टपाल, मेलेली ढोरं ओढणे, पाहुण्या अंमलदाराची सरबराई, रात्रंदिवस राबणूक, आणि त्याच्या बदल्यात वतनाचा तुकडा. तो तुकडा भावकीत वाटत वाटत इतका लहान झाला की त्यावर पोट भरेना आणि सोडवेही ना. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतनाच्या बेडीतून समाज सुटावा आणि जमीन मात्र त्याच्याकडेच राहावी, हा त्यांचा हेतू होता. विरोध इतका झाला की १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले. शेवटी कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला आणि १९५९ पासून अंमलात आला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. त्या कायद्याने ठराविक रक्कम भरून जमीन पुन्हा नावावर करून मिळाली, पण शर्तीवर. कलेक्टरची परवानगी घेतल्याशिवाय ती विकता येत नाही. सात-बाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे दिसते ते यामुळे.

ही शर्त अनेकांना जाच वाटते. पण शहराच्या कडेला जमिनीचा भाव चढतो तेव्हा ती ढालही ठरते. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला आणि सरकारला चौकशी लावावी लागली. अशा जमिनीच्या व्यवहाराला जाब विचारता येतो, त्याचे एक मोठे कारण ही शर्त आहे.

पारनेर बदलले

पारनेर हे तालुक्याचे गाव. तहसील कचेरी, कोर्ट, बाजारपेठ, एसटी स्टँड, शाळा-कॉलेज यांमुळे आसपासच्या खेड्यांचा राबता इथे कायम. जिराईत मुलुख, पावसाचा भरवसा नाही, म्हणून इथला माणूस पोटासाठी मुंबई-पुण्याला गेला. आता सुप्याला औद्योगिक वसाहत झाली, नगर-पुणे रस्त्याला रहदारी वाढली आणि उलट तालुक्यातच जमिनीला गिऱ्हाईक येऊ लागले. पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे, १७ प्रभाग आहेत. जिल्ह्याचे नावही २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले.

जमीन आणि विकास यांचे भांडण पारनेरला नवे नाही. १२ नोव्हेंबर १८८० रोजी याच गावात जन्मलेले पांडुरंग महादेव बापट १९२१ पासून मुळशीच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी लढले. त्या सत्याग्रहामुळेच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. कोणाच्या सोयीसाठी कोणाची जागा जाते, हा त्यांनी विचारलेला प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

तालुक्याच्या गावांत एक गंमत घडते, ती नीट लक्षात घ्या. जी वस्ती आपल्याला गावाबाहेर म्हणून दिली होती, ती गाव वाढल्यावर मध्ये येते. ज्या बाजूला कोणी फिरकत नव्हते तिथून रस्ता जातो. रस्त्याला दुकानाचे गाळे निघतात. काल ज्या जागेचा विटाळ होता, ती आज मोक्याची जागा म्हणून ओळखली जाते. मग कोणी म्हणतो रस्ता रुंद करा, कोणी म्हणतो व्यापारी संकुल बांधा, कोणी म्हणतो ही तर झोपडपट्टी, हलवा. यातले प्रत्येक काम वाईटच असते असे नाही. दुकानं आपल्या पोरांनाही लागतात, रुंद रस्ता रुग्णवाहिकेलाही लागतो. पण निर्णय होताना आपण तिथे होतो का, हा खरा सवाल आहे.

विकास आराखडा म्हणजे काय?

आपल्याकडे नगररचनेचा पहिला कायदा १९१५ चा, मुंबई इलाख्याचा. आज चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा. नगरपंचायत झाली की ती या कायद्याने नियोजन प्राधिकरण होते आणि तिने आपल्या हद्दीचा विकास आराखडा करायचा असतो. काम पायरीपायरीने चालते. आधी आज कोणत्या जमिनीचा काय वापर आहे याचा नकाशा होतो. त्यावरून प्रारूप आराखडा तयार होतो. तो राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर होतो. कलम २६ प्रमाणे लोकांना हरकती व सूचना देण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्यावर समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी सरकार मंजुरी देते. एकदा मंजूर झालेला आराखडा साधारण २० वर्षांपर्यंत गावाचे भवितव्य ठरवतो.

आराखड्यात जमिनीचे विभाग पडतात. रहिवासी, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक व निमसार्वजनिक, शेतीचा. शिवाय काही जागांवर आरक्षण पडते. शाळा, दवाखाना, बाग, भाजी मंडई, रस्ता. विहाराच्या जागेवर वाणिज्य विभागाचा रंग पडला, किंवा रुंद रस्त्याची रेघ विहाराच्या ओट्यावरून गेली, तर त्या दिवशी काहीच पडत नाही. भिंत जागच्या जागी असते, वंदना चालू असते. दहा वर्षांनी परवानगी मागायला गेल्यावर कळते की नकाशावर इथे विहार नाहीच. आरक्षणालाही मुदत असते. जमीन १० वर्षांत संपादन केली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यानंतरच्या २४ महिन्यांतही पावले उचलली नाहीत, तर ते आरक्षण कलम १२७ प्रमाणे संपते. म्हणून वाचनालयासाठी आरक्षण पडले म्हणून पेढे वाटून गप्प बसू नये.

याच कायद्याच्या कलम २२ मध्ये आणखी एक गोष्ट आहे. ऐतिहासिक, नैसर्गिक, वास्तुशास्त्रीय किंवा शास्त्रीय महत्त्वाच्या जागांचे जतन हाही आराखड्याचा विषय आहे. म्हणजे जुने ते सगळे पाडून नवे करा असे कायदा म्हणत नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची नियमावली लागू झाली, पुढे इतर शहरांतही असे नियम आले.

पण वारसा म्हटले की लोकांच्या डोळ्यापुढे किल्ला, वाडा आणि देऊळ येते. आपल्या तालुक्यात टाकळी ढोकेश्वरची शैव लेणी आहेत, ती जपली पाहिजेत यात वाद नाही. केंद्र सरकारच्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याला मात्र वास्तू किमान १०० वर्षांची लागते. आपल्या वस्तीत शंभर वर्षांचे दगडी बांधकाम कुठून आणणार? आपल्याला पक्के घर बांधू दिले होते का? आपला वारसा आहे तो तक्क्याचा ओटा, ज्या आडाचे पाणी आपले म्हणून होते तो आड, १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर जिथे पहिली वंदना झाली ती पत्र्याची खोली. हे कोणी बाहेरचा येऊन यादीत घालणार नाही. आपणच सांगितले तर सांगितले.

चार जागांचे धडे

गेल्या काही वर्षांत मोठ्या जागांच्या बाबतीत जे घडले ते लहान विहारालाही लागू पडते.

दादरला चैत्यभूमीशेजारी इंदू मिल होती. सुमारे १२ एकर, समुद्राकाठची, मुंबईतली. व्यापारी वापराला सोन्याच्या मोलाची. लोकांनी वर्षानुवर्षे मागणी केली, आंदोलने केली. डिसेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने ती स्मारकासाठी देण्याची घोषणा केली आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. जागेचा वापर लोकांच्या रेट्याने बदलू शकतो, हा पहिला धडा.

त्याच दादरमध्ये २५ जून २०१६ च्या पहाटे आंबेडकर भवन पाडले गेले. बाबासाहेबांच्या चळवळीची वृत्तपत्रे जिथून निघाली त्या बुद्धभूषण छापखान्याची वास्तूही त्यात गेली. जागेच्या विश्वस्तांना तिथे नवी इमारत हवी होती, समाजातल्या अनेकांना जुनी वास्तू जपायला हवी होती. जुलैत मोठा मोर्चा निघाला, पण पडलेली भिंत परत उभी राहत नाही. आपसात ठरण्याआधी आणि वारसा म्हणून नोंद होण्याआधी वास्तू गेली, हा दुसरा धडा.

तिसरी जागा लंडनची. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब शिकत असताना १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केले. पण तो भाग राहत्या घरांचा. तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने घराचा वापर संग्रहालयासाठी करायला २०१८ मध्ये परवानगी नाकारली. राहते घर कमी होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा शेजाऱ्यांना त्रास होतो, अशी कारणे होती. आपल्या बाजूने अपील झाले, चौकशी अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारने परवानगी दिली. घर विकत घेणे वेगळे आणि त्या घराचा वापर मंजूर करून घेणे वेगळे, हे यातून शिकावे. तिथे घोषणांपेक्षा कागद, साक्षी आणि युक्तिवाद कामी आले.

चौथी जागा दीक्षाभूमी. तिथे भूमिगत वाहनतळाचे काम सुरू झाले. स्तूपाला धोका होईल या भीतीने १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक जमले आणि सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. गाड्यांची सोय हवी हे खरे, पण कुठे आणि किती खोल, हे खोदण्याआधी लोकांना विचारले पाहिजे. हरकतीची वेळ टळली की मग रस्त्यावर यावे लागते.

बाबासाहेबांनी या दोन्ही वाटा दाखवून ठेवल्या आहेत. २० मार्च १९२७ ला ते चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आल्यावर त्यांनी सत्याग्रह स्थगित केला आणि दावा लढवला. तळे खाजगी की नगरपालिकेचे, वहिवाट अनादी काळाची आहे की नाही, असे मुद्दे त्यात होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे कागद सांभाळले, तेव्हा ते हक्काचे झाले.

आपण काय करावे

पहिले काम नोंदीचे. विहाराची जागा कोणाच्या नावावर आहे ते बघा. गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका, बाहेर असेल तर सात-बारा. घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवा. जागा तोंडी शब्दावर मिळाली असेल तर देणाऱ्या घरातली माणसं आहेत तोवर रीतसर कागद करा. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असेल तर विहाराची मिळकत त्या दप्तरात चढली आहे का, तपासा. तिथे चढलेली जमीन-इमारत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही. उद्या आपल्यातलाच कोणी मोहात पडला तरी जागा वाचते.

दुसरे काम नकाशाचे. नगरपंचायतीत जाऊन आपल्या वस्तीवर कोणता रंग आहे, कोणती रेघ जाते, हे बघा. आराखड्याचे काम कोणत्या पायरीवर आहे ते लेखी विचारा. विहार, अभ्यासिका, समाजमंदिर आणि पुढचे मोकळे मैदान सार्वजनिक व निमसार्वजनिक वापरात दाखवावे असा अर्ज द्या. रस्त्याकडेच्या घरांना दुकानाचा वापर हवा असेल तर तोही मागा, पण तो तिथे राहणाऱ्यांच्या नावाने मागा. हरकत ३० दिवसांच्या आत द्या, पोच घ्या, सुनावणीला जा. एकाने जाऊ नका, बायाबापड्यांसह जा. वस्तीत पाणी कुठे तुंबते, अंधार कुठे असतो, ते आपल्या माय-बहिणींना जास्त माहीत असते.

तिसरे काम आठवणीचे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातीवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. ते फार चांगले झाले, ते नाव पाटीवर नकोच. पण पाटी बदलताना इतिहास पुसला जाऊ नये. भीमनगर, समतानगर म्हणणाऱ्या पोराला हे ठाऊक असावे की आपले पणजोबा वेशीबाहेर का राहत होते आणि आपण इथवर कसे आलो. म्हाताऱ्या माणसांकडून विचारून लिहून काढा. आड कुठे होता, तक्क्या कुठे, पहिली जयंती कुठे झाली. जुने फोटो, पावत्या, देणगीच्या वह्या एका पेटीत ठेवा. असा लेखी पुरावा सोबत असेल तर कलम २२ चा आधार घेऊन जागेचे जतन मागता येते.

बंधू-भगिनींनो, उषवदाताने दान दिले तेव्हा ते नगराच्या सभेत ऐकवले आणि दफ्तरात नोंदवले. आज आपली निगमसभा म्हणजे नगरपंचायत आणि आपले फलकवार म्हणजे भूमी अभिलेख कार्यालय. पूर्वी गावाचा आराखडा दुसऱ्यांनी केला आणि आपण कुसाबाहेर राहिलो. आताचा आराखडा आपल्यासमोर मांडला जाणार आहे आणि त्यावर बोलायचा हक्क कायद्याने दिला आहे. तो हक्क वापरणे हीसुद्धा बाबासाहेबांना वाहिलेली आदरांजलीच आहे. पुढच्या वर्धापनदिनाला विहाराचा उतारा आणि वस्तीचा नकाशा विहाराच्या भिंतीवर चौकटीत लावलेला असावा, एवढीच अपेक्षा.

भवतु सब्ब मंगलं.

नमो बुद्धाय! जय भीम!